सफरचंदाचे आसव

हेरफर्डशर, सॉमरसेट, डेव्हन या इंग्लंडच्या पश्चिमेकडील परगण्यांतील एखाद्या जुन्या बागेत ऑक्टोबरच्या अखेरीस जो परका माणूस शिरेल आणि दवाने भिजलेल्या गवतावर पडलेल्या, लहानखुऱ्या, तांबूस झाक मारणाऱ्या, दिसण्यात कोणत्याही बाजारी फळाहून उणे नसलेल्या सफरचंदाचा घास मोठ्या विश्वासाने घेईल, त्याची जीभ क्षणार्धात अशी आवळून येईल की तो घास गिळावा की टाकून द्यावा, हेच त्याला उमजू नये. तुरटपणा, आंबटपणा आणि त्यांच्या मागोमाग रेंगाळत येणारी गोडी यांचे जे प्रमाण त्या फळात असते, ते खाणाऱ्यासाठी मुळी योजिलेलेच नसते. किंग्स्टन ब्लॅक, फॉक्सव्हेल्प, यार्लिंग्टन मिल, डॅबिनेट अशी नावे असलेली ही झाडे तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जोपासली ती केवळ रसासाठी, आणि तो रसही ताजा पिण्यासाठी नव्हे, तर पिंपात भरून हिवाळाभर मुरू देऊन वसंतात सायडर म्हणून घरच्यांना व पाहुण्यांना देण्यासाठी. ताटात ठेवण्यास जे फळ सर्वांत अपात्र, तेच पेल्यात सर्वांत श्रेष्ठ ठरावे, हा या पेयाचा पहिला धडा होय. आणि रस एकदा भांड्यात गेला की करणाऱ्याने आपला हात शक्य तितका आवरता घ्यावा, हा दुसरा. घरगुती सायडरची बहुतेक सारी विद्या या दोन गोष्टींत सामावलेली आहे, असे माझे मत आहे.

पहिल्या गोष्टीला शास्त्राची बैठक मिळाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. ब्रिस्टल शहरानजीक लाँग ॲश्टन येथे १९०३ साली फळे व सायडर यांच्या अभ्यासासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि तेथील बार्कर या शास्त्रज्ञाने आंबटपणा व तुरटपणा या दोन कसोट्या लावून सायडरच्या फळांचे चार वर्ग पाडले: गोड, तुरटगोड, तुरटआंबट आणि आंबट. रसात आम्लाचे प्रमाण शेकडा ०.४५ हून अधिक असेल तर ते फळ आंबटाच्या पंक्तीत बसते, आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, शेकडा ०.२ हून अधिक असेल तर ते तुरटाच्या. ही विभागणी केवळ कागदावरची नाही. साखर किण्वनात मद्यार्क होऊन नाहीशी होते, आणि ती गेल्यावर मागे जे उरते त्याला अंगलोट, चव आणि टिकाऊपणा देणारी द्रव्ये हीच दोन असतात. आम्ल पुरेसे नसेल तर पेय मिळमिळीत होते आणि नासवणाऱ्या सूक्ष्म जंतूंना रान मोकळे मिळते. टॅनिन नसेल तर घोट जिभेवर न थांबता पाण्याप्रमाणे उतरून जातो. म्हणून जाणता माणूस तीनचार जातींची फळे एकत्र करतो, आणि किंग्स्टन ब्लॅकसारखे एखादेच फळ असे आढळते की ज्याच्या एकट्याच्या रसात गोडी, आंबटपणा व तुरटपणा यांचा समतोल साधलेला असतो.

या जाती टिकून राहिल्या त्या कलमांमुळे. सफरचंदाचे बी पेरले असता उगवणारे झाड मातृवृक्षासारखे फळ देईलच असा भरवसा नसतो. तेव्हा जे झाड एकदा गुणी ठरले त्याची डहाळी दुसऱ्या खुंटावर बांधून त्याचा वंश चालवणे एवढाच मार्ग उरतो, आणि कोकणातल्या हापुसाची बाग राखणाऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. सतराव्या शतकात हेरफर्डशरमधील लॉर्ड स्कुडमोर यांनी रेडस्ट्रीक नावाच्या जातीचा प्रसार करून त्या परगण्याच्या सायडरला एवढी प्रतिष्ठा मिळवून दिली की परदेशी द्राक्षमद्याशी त्याची तुलना होऊ लागली. वृक्षशास्त्राचे चाहते जॉन एव्हलिन यांनी १६६४ साली आपल्या ‘सिल्व्हा’ या वनविषयक ग्रंथास ‘पोमोना’ हे सायडरविषयीचे प्रकरण जोडले, ही घटना मला मोठी अर्थपूर्ण वाटते. कारण जहाजांसाठी ओकवृक्ष वाढवा असे राष्ट्राला आवर्जून सांगणाऱ्या पुस्तकात शेतकऱ्याच्या पिंपालाही जागा मिळाली होती. पुढे रेडस्ट्रीक क्षीण होत गेले. टॉमस अँड्र्यू नाइट यांनी १८११ साली हेरफर्डशरच्या फळांचा सचित्र ग्रंथ काढला, आणि १८७६ ते १८८५ या काळात तेथील वूलहोप क्लब या निसर्गप्रेमी मंडळाने ‘हेरफर्डशर पोमोना’ भागशः प्रसिद्ध केला. त्यातील रंगीत चित्रे ॲलिस एलिस आणि इडिथ बुल या दोन स्त्रियांच्या हातची आहेत, आणि फळाच्या कातडीवरचा डागही न चुकवणारी ती चित्रे आजही जाती ओळखण्याच्या कामी येतात.

जे पेय घरोघर होते त्याकडे सरकारची दृष्टी वळणे अपरिहार्यच होते. सप्तवार्षिक युद्धाच्या कर्जाने खजिना रिता झाला असता लॉर्ड ब्यूट यांच्या मंत्रिमंडळाने १७६३ साली सायडरवर, तेही थेट करणाऱ्यावर, दर मोठ्या पिंपामागे चार शिलिंगांची अबकारी बसवली. आणि कराच्या रकमेपेक्षाही अबकारी अंमलदाराला शेतकऱ्याच्या घरात शिरून झडती घेण्याचा जो अधिकार मिळाला, त्याने पश्चिमेकडची रयत खवळून उठली. पार्लमेंटात थोरल्या पिट यांनी या कायद्याला विरोध केला, परगण्यापरगण्यांतून अर्ज गेले, मोर्चे निघाले, आणि १७६६ साली तो कर मागे घ्यावा लागला. घराचा उंबरा आणि सरकारचा हुकूम यांच्यातील सीमा कोठे आखावी, या प्रश्नाचा एवढा खल एका फळाच्या रसावरून झाला, हे विसरण्याजोगे नाही.

सायडरची दुसरी बाजू तितकी उज्ज्वल नाही. शेतमजुराला मजुरीचा काही हिस्सा सायडरच्या रूपाने देण्याची वहिवाट या भागात दीर्घकाळ चालू होती. कापणीच्या दिवसांत मजूर कमरेला लहानसे लाकडी पिंप बांधून शेतावर जात, आणि मालकाचे सायडर जितके बरे तितके चांगले मजूर त्याच्याकडे टिकत. परंतु घरी पोचणाऱ्या रोख पैशात मात्र तेवढी तूट येई. १८८७ च्या कायद्याने मजुरीपोटी मद्य देण्यास मनाई केली, ते उचितच झाले.

याहून गंभीर प्रकरण डेव्हन परगण्याचे होते. तेथे सायडरच्या हंगामानंतर माणसे पोटातील असह्य मुरड्याने लोळत, काहींचे हातपाय लुळे पडत, आणि वैद्य त्याचा दोष सायडरच्या आंबटपणाला देत. जॉर्ज बेकर या मूळच्या डेव्हनच्याच वैद्याने १७६७ साली आपला निबंध मांडून दाखवून दिले की दोष फळाचा नसून शिशाचा आहे: घाण्याच्या दगडांचे सांधे शिशाने भरलेले, काही ठिकाणी रसाची द्रोणीच शिशाने मढवलेली, आणि आंबट रस त्या शिशाला विरघळवून आपल्याबरोबर नेतो. हेरफर्डशरमध्ये शिसे वापरण्याची पद्धत नव्हती आणि तेथे तो रोगही नव्हता, ही त्यांची मुख्य साक्ष होती. त्यांच्या परगण्यातील बागाईतदारांना हे म्हणणे रुचले नाही. तथापि शिसे यथावकाश निघाले आणि रोगही नाहीसा झाला. आजही घरी रस काढणाऱ्याने काच, स्टेनलेस स्टील, लाकूड किंवा खाद्यपदार्थांसाठी बनवलेले प्लास्टिक एवढ्याच वस्तूंचा रसाशी संबंध येऊ द्यावा. कल्हई उडालेली तांब्यापितळेची भांडी, लोखंडी पातेली, जुनी झिलईची मडकी ही सर्व वर्ज्य समजावीत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. झाड हलवून किंवा लांब काठीने डहाळ्या झोडून फळे गवतावर पाडतात, आणि ती लगोलग घाण्यात न घालता दोनतीन आठवडे ढिगात ठेवतात. या अवधीत फळातील उरलासुरला पिष्टांश शर्करेत रूपांतरित होतो, आणि अंगठ्याने दाबले असता गर किंचित दबू लागला म्हणजे वेळ आली असे समजतात. पडताना मार लागून डागाळलेले फळ चालते. सडलेले, बुरशी आलेले फळ मात्र निर्दयपणे दूर करावे, कारण सफरचंदावरील निळ्या बुरशीतून पॅटुलिन नावाचे विष उत्पन्न होते. मग फळे धुऊन त्यांचा चेचा करावयाचा. जुन्या वाड्यांवर यासाठी वर्तुळाकार दगडी द्रोणी असे आणि तीत उभे दगडी चाक घोडा गोल गोल फिरून ओढीत असे. ज्यांनी आपल्याकडे बांधकामासाठी चुना मळण्याची बैलाची घाणी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र हुबेहूब उभे राहील. चेचा जितका बारीक तितका रस अधिक. तुरटगोड जातींचा चेचा रात्रभर उघडा ठेवण्याचाही प्रघात आहे. त्याने रंग गडद होतो आणि टॅनिनाचा कडवटपणा मवाळ होतो.

दाबण्याचे काम मला या सर्व खटाटोपात सर्वांत देखणे वाटते. चेच्याचा एक थर गव्हाच्या काडावर किंवा घोड्याच्या केसांच्या विणलेल्या कापडावर पसरावयाचा, कडा आत दुमडून घ्यावयाच्या, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, अशी कमरेएवढी चौकोनी रास उभी करून वरून लाकडी फळी व स्क्रू यांचा दाब द्यावयाचा. आणि स्क्रूला पहिला फेरा देण्यापूर्वीच, थरांच्या नुसत्या भाराने, चारी अंगांनी तपकिरी रस पाझरू लागतो. घाई करणारा माणूस येथेच फसतो, कारण एकदम जोर लावला की कापड फाटते व चोथा बाहेर येतो. थोडे आवळावे, थांबावे, रस निथळू द्यावा, पुन्हा आवळावे. उरलेला चोथा गुराडुकरांना घालीत, किंवा पाण्यात भिजवून पुन्हा दाबून त्याचे सौम्य पेय करीत.

घरच्या पातळीवर हे सर्व लहान करता येते. साडेचार लिटर रसासाठी हातघाण्यावर सुमारे ७ ते ८ किलो फळे लागतात. रसाची घनता हायड्रोमीटरने मोजावी; ती बहुधा १.०४५ ते १.०६० यांच्या दरम्यान भरते, आणि दर लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर एक टक्का मद्यार्क देते हा हिशेब धरला तर साधारण फळाच्या रसातून ६ ते ७ टक्क्यांचे पेय तयार होईल असा अंदाज बांधता येतो. आम्लता पी.एच.च्या पट्टीने पाहावी. ३.२ ते ३.८ या मर्यादेत रस सुरक्षित. त्याहून वर आकडा गेला तर आंबट फळांचा रस मिसळल्याशिवाय पुढे जाऊ नये. नको असलेल्या जंतूंना आवर घालण्यासाठी गंधकाचा उपयोग जुना आहे. पूर्वी पिंपात गंधकाची वात जाळीत. आज ग्लॉस्टरशरमधील चिपिंग कॅम्पडन गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेटाबायसल्फाइटची गोळी वापरतात. साडेचार लिटरांस एक गोळी म्हणजे दशलक्षास सुमारे ५० भाग, आणि रस जितका कमी आंबट तितक्या गोळ्या अधिक. दमेकऱ्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, ही सूचना येथेच केलेली बरी.

यानंतर करणाऱ्याचे काम बव्हंशी पाहण्याचे आहे. गोळी टाकल्यावर चोवीस तास थांबून पाकिटातले यीस्ट घालावे, किंवा जुन्या रिवाजाप्रमाणे फळावरचे व घाण्यावरचे रानटी किण्वच आपले काम करील अशा भरवशावर राहावे. दुसऱ्या मार्गाने चव अधिक खोल येते हे खरे, पण दगाही तोच देतो. नवशिक्याने पहिलाच पत्करावा. बुधला आधी तीन चतुर्थांश भरावा, कारण पहिल्या आठवड्यात फेस उसळून बाहेर येतो. तो ओसरला की बुधला गळ्यापर्यंत भरून तोंडाला पाणी भरलेली वाकडी नळी, म्हणजे एअरलॉक, बसवावा. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडावा पण बाहेरची हवा आत येऊ नये, एवढेच त्या नळीचे कर्तव्य. कारण हवा मिळाली की मद्यार्काचे सिरका करणारे जंतू जागे होतात, आणि महिन्यांचे श्रम लोणच्याच्या कामाचे होऊन बसतात. खोली थंड असावी, १० ते १५ अंशांची. उष्णतेत किण्वन झपाट्याने होते खरे, पण फळाचा सुगंध बुडबुड्यांबरोबर निघून जातो. घनता १.००५ च्या आसपास आली म्हणजे तळाचा साका मागे ठेवून, रबरी नळीने रस दुसऱ्या बुधल्यात काढावा, आणि तोही काठोकाठ भरावा.

एप्रिल-मे महिन्यांत, निवांत झालेले सायडर पुन्हा हलके फसफसू लागते. बागेतली झाडे फुलावर आली की पिंपातला रस त्यांना साद देतो, अशी शेतकऱ्यांची श्रद्धा होती. हवा उबदार झाल्यामुळे लॅक्टिक जंतू फळातील तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात व त्या क्रियेत वायू सुटतो, हे आपल्याला ठाऊक झाले आहे. तरी त्या श्रद्धेमागचे निरीक्षण अचूक होते, आणि जानेवारीत सॉमरसेटच्या कारहॅम्प्टन गावी झाडाच्या मुळाशी सायडर ओतून, फांद्यांवर सायडरात बुडवलेला पाव ठेवून, बंदुकांचे बार काढून झाडाला जागवण्याचा जो विधी आजही होतो, त्यामागेही झाडाविषयीची तीच आत्मीयता आहे. फसफसते पेय हवे असल्यास बाटलीत भरताना दर लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास साखर घालावी, अधिक नव्हे, आणि बाटल्या दाब सोसणाऱ्या जाड काचेच्याच घ्याव्यात. साध्या बाटलीचा स्फोट होऊन डोळा जाण्याचा धोका हा काल्पनिक नाही. मद्यात साखर घालून ते फसफसते करण्याची रीत क्रिस्टोफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६६२ साली मांडली, आणि इंग्लंडात तोवर कोळशाच्या भट्टीतील मजबूत काच होऊ लागली असल्यामुळेच ती व्यवहारात उतरू शकली.

महाराष्ट्रातील वाचकाला दोन गोष्टी स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये आपल्या राज्यात परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्या चार माणसांपुरते का असेना. ब्रिटनमध्ये घरच्या वापरापुरते, विक्रीसाठी नसलेले सायडर करण्याची मुभा आहे, आणि तेथे वस्ती करून असलेल्या मराठी कुटुंबांना हा उद्योग निर्वेधपणे करता येईल. दुसरी गोष्ट फळांची. सत्यानंद स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतून डेलिशस जातीची रोपे आणून सिमल्याजवळच्या कोटगढला लावली, आणि आज आपल्या बाजारात येणाऱ्या हिमाचली फळांत त्याच कुळाचा भरणा आहे; खाण्यास ती उत्तम, परंतु आम्ल अल्प आणि टॅनिन नाममात्र असल्यामुळे एकट्याने ती सायडरला पुरी पडत नाहीत. अर्थात फळे आंबवण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे मध किंवा गूळ आणि धायटीची फुले घालून, भांड्याचे तोंड बंद करून, धान्याच्या राशीत महिनाभर मुरवली जातात, आणि त्यांतील मद्यार्कही आतच उत्पन्न होतो.

मधाचा हा उल्लेख मला सायडरच्या त्या थोर भावंडाकडे नेतो, ज्यात सफरचंदाचा रस आणि मध एकत्र आंबवतात. मधात साखर शेकडा ८० च्या आसपास व पाणी इतके थोडे की किण्व त्यात तगच धरत नाही; पाणी मिसळले की ते काम करू लागते, परंतु मधात नत्र अत्यल्प असल्यामुळे निव्वळ मधपाणी आंबवणाऱ्याची किण्वन मध्येच थांबल्याची तक्रार असते. पाण्याच्या जागी सफरचंदाचा रस घेतला तर आम्ल, थोडे टॅनिन आणि किण्वाला लागणारे पोषण फळ पुरवते, आणि मध त्याला बळ व सुगंध देतो. दोन्ही पदार्थ एकमेकांची उणीव भरून काढतात. सर केनेल्म डिग्बी यांच्या मृत्यूनंतर १६६९ साली प्रसिद्ध झालेल्या पाककृतींच्या संग्रहात मधाच्या पेयांचे कितीतरी प्रकार आहेत. हायड्रोमीटर हाती नसलेल्या त्या काळी ताजे अंडे द्रावात सोडीत, आणि त्याचा नाण्याएवढा भाग वर उघडा राहिला म्हणजे मध पुरेसा झाला असे ठरवीत. ही कसोटी आजही खोटी ठरत नाही.

जुने कारागीर मधपाणी उकळून वरची मळी काढीत. आजचे जाणकार तसे करीत नाहीत, कारण उकळीबरोबर फुलांचा गंध उडून जातो. मध तापवू नये हा आपल्या वैद्यांचा आग्रह निराळ्या कारणाने का होईना, येथेही पाळण्याजोगा आहे. ४ लिटर रसास अर्धा किलो मध घेतला तर पेय ११ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि १ किलो घेतला तर १५ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या खेपेस अर्ध्या किलोवरच समाधान मानावे. मध थोड्या कोमट रसात विरघळवून मग बुधल्यात ओतावा, आणि किण्वाला लागणारे नत्रयुक्त पोषण आरंभी व पुन्हा चारपाच दिवसांनी असे दोन हप्त्यांत द्यावे. दुकानातला बंद डब्यातील रस वापरणार असल्यास लेबल वाचावे: सॉर्बेट असेल तर तो रस आंबणार नाही. मध सौम्य जातीचा घ्यावा. उग्र मध प्रथम छान वाटतो आणि पुढे फळाला झाकून टाकतो.

हे पेय साध्या सायडरहून हळू चालते. सायडर वसंतात पिण्याजोगे होते, तर या पेयाला निदान वर्ष द्यावे लागते. सहाव्या महिन्यात चव घेतली तर ती तीक्ष्ण, औषधी आणि निराशाजनक लागते, आणि पुष्कळ लोक नेमके तेव्हाच ते फेकून देतात. फेकू नये. साक्यावरून दोनदा काढून, स्वच्छ होऊ देऊन, अंधाऱ्या व थंड जागी बाटल्या ठेवाव्यात, प्रत्येकीवर फळाची जात, मधाचे प्रमाण, आरंभीची घनता आणि तारीख लिहून ठेवावी, आणि हे पेय सायडरच्या जवळजवळ दुप्पट तीव्र असल्यामुळे ते मोठ्या पेल्यात नव्हे, तर लहान पेल्यात, जेवणानंतर घ्यावे.